छत्रीच्या कापडाची पट्टी

८ जून १९५८, रविवार. पुरसवाक्कम, मद्रास

लग्नाला आज दोन आठवडे झाले. डायरीला मात्र तीन आठवडे हात लावला नव्हता. लग्नाच्या गडबडीत माणूस डायरी लिहीत नाही, त्याच्याविषयी बाकीचे बोलत असतात तेच पुरे होतं.

घर छान लागलं. मद्रासी भाषेत याला ‘पोर्शन’ म्हणतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पायऱ्या आणि पायऱ्यांशी नळ. मालक वेंकटरमण मागच्या भागात राहतात, सज्जन माणूस. पेरांबूरचा रेल्वेच्या डब्यांचा कारखाना सायकलवर वीस मिनिटं. एग्मोरच्या लॉजमधल्या तीन वर्षांनंतर हे म्हणजे राजवाडाच.

तुळसी स्वभावाने शांत आहे. मी साताऱ्याचा, ती तंजावरच्या मराठी घराण्यातली. दोघंही मराठीच बोलतो, पण तिची मराठी ऐकताना आमच्या पणजोबांशी बोलल्यासारखं वाटतं. “कसाला?” म्हणजे “कशाला?” आणि मधूनच “सरी” म्हणजे “बरं”. मला ऐकायला आवडतं. तिला तसं अजून सांगितलेलं नाही.

एक अडचण आली होती ती निभावली. लॉजच्या खिडकीसमोर एका हॉटेलची हिरवी पाटी रात्रभर पेटायची आणि विझायची. त्यावर मी जुन्या छत्रीचं काळं कापड कापून, आत मऊ धोतराचा तुकडा घालून डोळ्यांवर बांधायची पट्टी शिवली होती. लॉजमधले सगळे तिला बैलाची झापड म्हणायचे, पण झोप मलाच लागायची. आता इथे हिरवी पाटी नाही, पण पट्टीशिवाय डोळा लागत नाही. पहिल्या रात्री ती बांधताना संकोच वाटला. तुळसीने विचारलं, हे काय? मी म्हटलं, सवय. विषय संपला.

११ जून, बुधवार

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात शेजारच्या टेबलावर जयतीर्थ बसतो. म्हैसूरकडच्या घराण्यातला, जन्म मद्रासचा, कन्नड आणि तमिळ दोन्ही पाण्यासारखी बोलतो. आज त्याची सायकल पंक्चर झाली, डबा घरी राहिला आणि साहेबाने बोलावलं तेव्हा तो नेमका जागेवर नव्हता. दिवसभर एकच पालुपद: आज कुणाचं तोंड पाहून उठलो होतो कोण जाणे.

आपल्याकडेही म्हणतात, पण म्हणून सोडून देतात. इथे ते फार मनावर घेतात. आमचे सासरे राघोत्तमराव तर कळसच. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे, पण सकाळी जाग आली तरी डोळे मिटून पडून राहतात. सासूबाई आंघोळ करून, कुंकू लावून समोर येऊन उभ्या राहिल्या की मगच डोळे उघडतात. एकोणतीस वर्षांत एकदाही नेम मोडलेला नाही म्हणे. हे मला लग्नातच तुळसीच्या कनका आत्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी हसू दाबलं. एवढा शिकलेला माणूस.

१५ जून, रविवार

दिनक्रम बसला. पाचला जाग येते. पट्टी तशीच ठेवून भिंतीला हात लावत पुढच्या दारी जातो, पायऱ्यांवर बसतो, नळाचं गार पाणी हातात घेतो आणि मग पट्टी काढून डोळ्यांवर मारतो. लॉजमध्ये न्हाणीघरापर्यंत असाच जायचो. ड्राफ्ट्समनचे डोळे म्हणजे त्याचं पोट, त्यांना जपलंच पाहिजे.

डोळे उघडतो तेव्हा समोर रोज सुब्बा गवळ्याची पांढरी गाय. तो गल्लीत गाय दारोदार नेऊन समोर दूध काढून देतो, आमचं दार पहिलं. मोठी गरीब गाय आहे.

तुळसीची एक गोष्ट कळत नाही. मी उठतो तेव्हा ती आंघोळ करून, मोगरा माळून पलंगाजवळ बसलेली असते. मोगऱ्याच्या वासावरूनच कळतं. स्वयंपाकघरात काही काम नाही, चूल पेटलेली नाही, नुसती बसलेली. मी तिच्या बाजूने भिंत चाचपत जातो. एवढ्या लवकर आंघोळीची गरज काय? पण चांगली सवय आहे, आपण कशाला मोडा.

१९ जून, गुरुवार

आज तुळसीने विचारलं, उठल्याबरोबर पट्टी तिथेच का काढत नाही? मला आनंद झाला, कारण या विषयावर मी बराच विचार केलेला आहे. तिला नीट समजावून सांगितलं की रात्रभर मिटलेल्या डोळ्यांना आधी गार पाणी लागावं, मग त्यांनी लांबचं, शांत, पांढरं काहीतरी बघावं. उठल्या उठल्या जवळचं काही बघूच नये.

तिने “सरी” म्हटलं आणि आत गेली. समजूतदार मुलगी आहे. दुसरी असती तर वाद घातला असता.

२२ जून, रविवार

बसने समुद्रावर गेलो. वाटेत तुळसीने विचारलं, तुम्हांला तमिळ वाचतां येतं? मी समोरच्या बसची पाटी वाचून दाखवली, तिरुवल्लिक्केणी. ती खूश झाली. तिला मराठी बोलता येतं पण लिहायचं झालं तर ती तमिळ अक्षरांतच लिहिते, तिच्या घरी सगळ्यांचं तसंच. नवऱ्याला ती अक्षरं येतात याचं तिला फार बरं वाटलेलं दिसलं. ती तेरा नंबरची बस होती आणि मी नंबर बघून वाचलं, हे सांगायची वेळ निघून गेली. हळूहळू शिकून घेईन.

वाळूत बसून तिने शेंगदाण्याची पुडी अर्धी अर्धी वाटली आणि मोठा दाणा निघाला की माझ्या बाजूला टाकत राहिली. मी बघत होतो. फार आनंदात गेला दिवस.

४ जुलै, शुक्रवार

तुळसी आता रुळली. पहाटे आंघोळ करून बसणं तिने सोडलं आहे. मी उठतो तेव्हा ती झोपलेली असते, निदान हालचाल ऐकू येत नाही. मोगराही नाही. मी म्हटलं बरं झालं, घर आपलं वाटायला लागलं की माणूस असा निवांत होतो.

बोलते मात्र कमी. उकाडा फार आहे.

११ जुलै, शुक्रवार

आज मोठी बातमी. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीच्या झडपेचं माझं ड्रॉइंग चीफ ड्राफ्ट्समनने एकही खूण न करता मंजूर केलं. कारखान्यात असं सहसा होत नाही. झडप वर केली की अडकून राहील, गाडीच्या हादऱ्याने बोटांवर पडणार नाही अशी खाच मी काढली आहे. हजारो माणसं त्या खिडकीतून बाहेर बघतील आणि कुणालाच माझं नाव कळणार नाही, तरी मी दिवसभर शीळ घालत होतो.

घरी आल्यावर तुळसीला सांगितलं. तिने साखर हातावर ठेवली. मी गमतीने म्हटलं की ही सगळी सुब्बाच्या गायीची कृपा, रोज सकाळी तिचं दर्शन होतं ना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, खरंच? मी म्हटलं, खरंच.

१७ जुलै, गुरुवार

आडी महिना लागला. इकडच्या रीतीप्रमाणे नव्या नवरीने आडीचा महिनाभर माहेरी राहायचं. आपल्या आखाडासारखंच. पहिल्या दिवशी जावयाला जेवण आणि नारळाच्या दुधाची खीर. मग जावयाने एकट्याने परत जायचं.

तिरुवल्लिक्केणीला सासऱ्यांकडे पंगत झाली. राघोत्तमरावांनी कामाची चौकशी केली. मी झडपेची हकीकत रंगवून सांगितली. ते म्हणाले, आमच्या लेकीचा पायगुण. मी म्हटलं तो तर आहेच, पण खरा गुण गायीचा. मग पट्टी, गार पाणी, पांढरी गाय आणि उठल्यावर जवळचं न बघण्याचा नियम हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. माझा विषय निघाला की मी रंगात येतो.

सगळे अगदी लक्ष देऊन ऐकत होते. सासूबाईंचा खिरीचा डाव माझ्या पानावर तसाच थांबला. कनका आत्या तर उठून आत गेल्या. मला वाटतं शास्त्रीय विचार या घरात नवा आहे. निघताना तुळसी दारापर्यंत आली नाही, पण तिला पाहुण्यांची कामं होती.

२१ जुलै, सोमवार

घर रिकामं. वेंकटरमण यांच्याकडून सांबार येतं. पट्टी बांधूनही झोप येत नाही. पट्टीत काही दोष निर्माण झाला असावा. उसवून पुन्हा शिवली.

२४ जुलै, गुरुवार

दोष पट्टीत नाही.

२९ जुलै, मंगळवार

तुळसीचं पत्र आलं. जाड पाकीट, आत सगळं तमिळ अक्षरांत. मला वाचता येतं असं ती धरून चालली आहे. माझ्या फुशारकीला एवढी मोठी शिक्षा होईल असं वाटलं नव्हतं.

दुपारी कँटीनमध्ये जयतीर्थला म्हटलं, तू अक्षरं नुसती मोठ्याने वाच, अर्थ मला कळेल. त्याला मराठीचा गंध नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तो स्तोत्र म्हटल्यासारखा सुरात वाचायला लागला: स्वारींस तुळसीचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आडी सरल्यावर मला न्यायला येऊं नये. माझें तोंड सकाळीं…

मी त्याच्या हातातून पत्र ओढून घेतलं. तो विचारत राहिला, काय झालं, घरी कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, हो, मीच.

पुढचं मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. जयतीर्थकडून तमिळ बाराखडी एका ट्रेसिंगच्या तुकड्यावर लिहून घेतली.

३१ जुलै, गुरुवार

तीन दिवस ड्रॉइंगच्या पेनने अक्षरं गिरवली. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे प्रत्येक शब्द तीन तीन वेळा म्हणून बघावा लागतो. एक ओळ लागायला पाव तास. आज संध्याकाळी शेवटपर्यंत पोचलो. इथे आपल्या अक्षरांत उतरवून ठेवतो.

“माझें तोंड सकाळीं पाहिलें तर दिवस वाईट जातो असें तुम्हांला वाटतें. तसें असेल तर तुमचा रोजचा दिवस मी कसाला बिघडवूं? पहिले तीन आठवडे मी न्हाऊन, कुंकू लावून समोर बसत होतें. तुम्ही डोळे बांधून बाजूनें जात होतां. गाय शुभ आहे, मी जाणतें. अप्पांसमोर सांगायला नको होतें. अप्पा मला टीचर ट्रेनिंगला घालतो म्हणतात. तुमचीं कामें अशींच चांगलीं होवोत. लोणच्याची भरणी वरच्या फळीवर आहे. ओला हात घालूं नये.”

मी मागची सगळी पानं वाचून काढली. मोगरा, पलंगाजवळचं बसणं, “सरी”, खिरीचा डाव. सगळं मीच लिहून ठेवलं आहे, तारखेनिशी, आणि मलाच दिसलं नाही. गाढव म्हणावं तर गाढवाला निदान डायरी लिहायची हौस नसते.

तिला वाटतंय मी तिचं तोंड टाळतो. माझ्या मनात ते कधीच नव्हतं. पण तीन आठवडे ती रोज पहाटे उठून एका आंधळ्यासमोर बसली होती, हे तर खरंच झालं ना? ती परत आली नाही तर मी काय करणार आहे?

पत्र लिहून उपयोग नाही. माझी देवनागरी तिला नीट वाचता येत नाही, आणि सासरे वाचून दाखवणार. स्वतः गेलं पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार

आज जे केलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

वेंकटरमण यांना काल सांगून ठेवलं होतं की पहाटे एक सायकलरिक्षा दाराशी हवी. पाचला उठलो, पट्टी काढली नाही. कपडे काल खुंटीवर क्रमाने लावून ठेवले होते, तरी सदरा उलटा चढला, तो वेंकटरमण यांनी सरळ करून दिला आणि हाताला धरून रिक्षात बसवलं. बाहेर सुब्बाची गाय घुंगुर वाजवत उभी होती. मी तिच्याकडे तोंडसुद्धा वळवलं नाही.

रिक्षावाल्याने माझी अवस्था बघितली आणि आपल्या मनाने एग्मोरच्या डोळ्यांच्या इस्पितळाचा रस्ता धरला. नाही, तिरुवल्लिक्केणी, असं दोनदा सांगावं लागलं. त्याला वाटलं ऑपरेशन झालेला माणूस घरी चालला आहे. वाटभर तो मला धीर देत होता, घाबरू नका सार, आठ दिवसांत पट्टी निघेल, मग सगळं लख्ख दिसेल. मी म्हटलं आजच निघेल, देवाची इच्छा असली तर. त्याने रिक्षा हळू चालवायला सुरुवात केली, खड्डे चुकवत.

दाराची कडी राघोत्तमरावांनीच काढली. त्यांचा आवाज ऐकला: “कोण? जावई? डोळ्यांस काय झालें?”

मी म्हटलं, “काही झालेलं नाही. मला उठून तास झाला, अजून कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. तुमचंही पाहायचं नाही, माफ करा. तुळसीला बोलवा.”

आडीच्या महिन्यात जावयाने असं दारात येणं बरोबर नाही हे मला माहीत होतं, आणि ते हेडमास्तर आहेत हेही. मग त्यांचा आवाज आत गेला. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की मुलीला उठव, आणि एवढंच म्हणाले की तिच्या आधी कुणी पुढे येऊ नका. हा नेम त्यांच्याइतका कुणाला कळणार होता?

पावलं आली. तुळसी म्हणाली, “ओट्यावर बसा. मी न्हाऊन येतें.”

मी बसलो. दारापुढे कुणीतरी सडा घातला, रांगोळीचं पीठ हाताने चिमटीत घेतल्याचा बारीक आवाज आला. गल्लीतून जाणाऱ्या दोघातिघांनी थांबून चौकशी केली, एका म्हाताऱ्या बाईने कुठल्या डॉक्टरने केलं म्हणून विचारलं. माझ्या हातात कुणीतरी कॉफीचा पेला दिला. मी तो रिकामा केला.

न्हायला बराच वेळ लागेल असं धरून मी तिला काय सांगायचं त्याची हलक्या आवाजात तालीम करायला लागलो. आधी हिरवी पाटी, मग छत्रीचं कापड, मग सवय. ते फार कोरडं वाटलं. दुसऱ्यांदा गायीपासून सुरुवात केली, ते त्याहून वाईट झालं. तिसऱ्यांदा म्हटलं, तुळसी, मी मूर्ख आहे, तू नाहीस म्हणून मला पंधरा दिवस झोप नाही, तुझं बोलणं ऐकायला मला आवडतं हेसुद्धा तुला कधी सांगितलं नाही, आणि तमिळ मला वाचता येत नव्हतं, आता थोडं येतं. एवढ्यावर तालीम थांबली.

“काढा आतां,” अगदी समोरून आवाज आला.

मी गाठीला हात घातला, ती सुटेना. तिने पुढे होऊन सोडली.

ती न्हालेली नव्हती. वेणी सुटलेली, कुंकू पुसट, गालावर उशीची घडी उमटलेली. गुडघे जवळ घेऊन माझ्यासमोर ओट्याखाली पायरीवर बसली होती. मी विचारलं, तू आंघोळीला गेली नव्हतीस?

“नाही.”

“मग इतका वेळ?”

“इथेंच होतें. तुम्हांला बघत.” मग म्हणाली, “लग्न झाल्यापासून रोज सकाळीं उठून मी पहिलें तुम्हांलाच बघतें. काळें कापड दिसतें. माझासुद्धां दिवस कुणाच्या तरी तोंडानें उगवतो, हें तुम्हांला सुचलें नाही?”

नव्हतं सुचलं. या साऱ्या डायरीत ते एकदाही आलेलं नाही. मी तिच्या दिवसाचा विचारच केला नव्हता, फक्त माझ्या डोळ्यांचा. मला रडू आलं आणि ती हसायला लागली, आणि मग मीही हसलो. आतून सासूबाईंचंही हसणं ऐकू आलं, म्हणजे दाराआड सगळं घर उभं होतं.

मी म्हटलं, ही पट्टी आत्ता रस्त्यात फेकतो. तिने ती माझ्या हातून घेतली, घडी केली आणि परत माझ्या खिशात घातली. झोपायला लागते ना, मग राहूं द्या. सकाळीं काढायचें काम माझें.

आज आडीचा अठरावा दिवस, इकडचा सण, सगळ्या घरी कालवलेला भात. मलाही वाढला. मग राघोत्तमरावांनी घड्याळ बघून आठवण करून दिली की महिना संपायला अजून तेरा दिवस आहेत.

१८ ऑगस्ट, सोमवार

काल तुळसीला घरी आणलं. रात्री पट्टी बांधली आणि इतक्या दिवसांनी गाढ झोपलो. सकाळी गाठ तिने सोडली. मी स्वतः सोडायचो तेव्हा क्षणाचं काम होतं, तिला पुष्कळ वेळ लागला. मी घाई केली नाही.

मग दिवस सुरू झाला. सायकलची साखळी दोनदा पडली. कारखान्यात उशिरा पोचलो, तीन वर्षांत पहिल्यांदा. चीफने सगळ्यांसमोर सुनावलं. दुपारी काळ्या शाईची बाटली लवंडून आठ दिवसांच्या कामाचं ट्रेसिंग गेलं. जयतीर्थने जवळ येऊन हळूच विचारलं, आज कुणाचं तोंड पाहून उठला होतास? मी शाई पुसत राहिलो. पण मला दिवसभर हसू येत होतं आणि चीफला त्याचा आणखी राग आला.

संध्याकाळी तुळसी पायऱ्यांवर उभी होती. मोगरा माळलेला. मी सायकल लावेपर्यंतही तिला धीर नव्हता.

“दिवस कसा गेला?”

“उत्तम,” मी म्हटलं. “असा दिवस आजवर गेला नव्हता.”

तिची नजर माझ्या बाहीवर गेली. कोपरापर्यंत शाई होती. तिने ती बाही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता सदरा भिजवायला मागितला.